पुढचं डावं चाक

३ फेब्रुवारी

नमस्कार.

‘प्रिय’ लिहायचं की नाही, यात पहिला कागद फुकट गेला. म्हणून नुसता नमस्कार. तब्येत विचारत नाही. नऊ वर्षं न विचारता आपलं दोघांचंही काही अडलेलं नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे. अंगणातल्या गाडीवर पालिकेची नोटीस चिकटवून गेले. गंजकं वाहन दीड महिन्यात हलवा, नाहीतर आम्ही उचलू. मोडीत काढायचा अर्ज सोबत जोडला आहे. गाडी अजून तुमच्या नावावर आहे, तेव्हा सही तुमचीच लागणार. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे करा. परतीचं पाकीटही तिकीट लावून आत ठेवलं आहे. तुम्हाला फक्त पेन शोधायचे कष्ट आहेत.

भंगारवाला येऊन बघून गेला. टाकीत पेट्रोल, इंजिनात तेल आणि आत बॅटरी असलेली गाडी तो उचलत नाही म्हणे. ते सगळं आधी घरी काढून ठेवायचं. मी म्हटलं, काढतेच आहे तर धड असलेले सुटे भागही काढते, कुणाच्या तरी कामी येतील. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “काढणार कोण?”

“मी.”

तो हसला. हसू दे. तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं हातात दिली आहेत मी. माणसं उघडताना पाहिली, गाडीचं काय घेऊन बसलात.

शिकवायला तुमचे मिस्त्री येतात. त्यांचं गॅरेज बंद होऊन तीन वर्षं झाली. हात इतके थरथरतात की पाना धरवत नाही, पण तोंड शाबूत आहे. अंगणात स्टुलावर बसतात आणि सांगतात. पहिला दिवस नियमांतच गेला. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगावर लोंबतं काही नको, बांगड्या काढा. काम उघड्यावरच करायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, बोटसुद्धा घालायचं नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं तेव्हा म्हणाले, “वहिनी, एवढं नीट ऐकणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात भेटलं नाही.”

मी मान खाली घालून लिहीत राहिले.

सही लवकर पाठवा.

कागदोपत्री तुमची,
मी


८ फेब्रुवारी

नमस्कार.

पाकीट आलं नाही. तुमच्याकडून काही वेळेवर येईल या आशेवर मी बसलेली नाही, हे कळवायला लिहिते आहे.

कामाला सुरुवात केली. तुमची राखाडी पँट घालते. कपाटात पडून होती. कमरेला दोरी बांधावी लागते, पण निदान एवढ्या वर्षांनी काहीतरी कामाला आलं.

बॅटरी निघाली. आधी उणं टोक, मग अधिक. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी. मिस्त्रींनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं. मग हातपंपाने पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढलं. नऊ वर्षांचं पेट्रोल. रंग चहासारखा, वास जुन्या रोगणाचा. शेजारचे काका सिगारेट पेटवून कुंपणाशी “काय चाललंय” बघायला आले, त्यांना मी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून त्यांची खिडकी बंद असते. बरं झालं.

इंजिनातलं तेल एका डब्यात, रेडिएटरचं पाणी दुसऱ्यात. ते हिरवं पाणी गटारात सोडायचं नाही, गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. प्रत्येक नटबोल्ट ताटलीत, ताटलीवर चिठ्ठी. मिस्त्री म्हणतात, “मोडीत जाणाऱ्या गाडीचे बोल्ट कशाला मोजता?” सवय, दुसरं काय. तीस वर्षांत माझ्या मोजणीत एक कात्री कमी भरली नाही, एक चिमटा कुणाच्या पोटात राहिला नाही. मी काही विसरत नाही, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं.

मागचं सीट काढलं. त्याखाली सासूबाईंची कापडी पिशवी सापडली. त्यात डोळ्यांचे जुने कागद, एक रुमाल, सुपारीची डबी. त्या दिवशी तुम्ही त्यांना तपासणीला नेत होतात ते तेच कागद. मी तिथेच पायरीवर बसले. मिस्त्री दुसरीकडे बघत राहिले.

त्यांचं-माझं फार गोडीचं नव्हतं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. पण आजारपणात मी अंथरूण धरलं की माझ्या उशाशी त्याच बसायच्या. तुम्ही दारातून विचारायचात, “बरं आहे ना?”

पाण्याच्या टाकीच्या उतारावर गाडी भिंतीवर गेली. तुम्ही म्हणत होतात, ब्रेक दाबला पण पाय खाली जातच राहिला. वन्सं हॉस्पिटलच्या आवारात सगळ्यांसमोर ओरडल्या, “डुलकी लागली याला, माझ्या आईला मारलं याने.” चौकशीवाल्याने मला विचारलं. मी सांगितलं, “हो, यांना गाडी चालवताना डुलकी लागते.” आपली मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि माझा हात धरून उभी होती.

मी जे मला वाटलं तेच सांगितलं.

सही पाठवा.

मी


१५ फेब्रुवारी

नमस्कार.

अजून पाकीट नाही. ठीक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमच्या बाबतीत सुंभही जळलेला दिसत नाही.

गाडीचा आता सांगाडा होत आला. डायनॅमो, स्टार्टर, दोन्ही आरसे, डावा दिवा (उजव्याचा तर चुरा झाला होता), सीटं, हॉर्न. हॉर्न काढण्याआधी वाजवून बघायचा मोह झाला, पण बॅटरी नव्हती. गंजलेल्या बोल्टवर तेल सोडून रात्रभर तसंच ठेवावं लागतं. जोर लावला की बोल्टचं डोकं तुटतं. मिस्त्री म्हणाले, “धीर धरा वहिनी, लोखंडसुद्धा वेळ दिला की सैल होतं.” मी म्हटलं, “माणसं नाही होत.” त्यांनी पुढच्या बोल्टकडे बोट दाखवलं. हल्ली ते फार वेळा असाच विषय बदलतात.

लेकीचा फोन आला होता. “आई, तुला वेड लागलंय का? अख्खीच देऊन टाक ना. त्या गाडीला हात कशाला लावतेस?” मी म्हटलं, चांगले भाग फुकट कशाला घालवायचे. “बाबांना कळवलंस?” हेही विचारलं तिने. ‘बाबा’ हा शब्द तिच्या तोंडून किती दिवसांनी ऐकला ते मी मोजत बसत नाही. मी म्हटलं, सहीपुरतं कळवलं. त्यावर ती म्हणाली, “सहीपुरतंच ठेव.”

काल मी चाकं काढायची म्हटलं तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा नको म्हणाले. टायर चिरले आहेत, चाकांवर गाडी असली तर ओढून न्यायला सोपी जाते, कशाला खोलता? मी म्हटलं, एकच चाक. पुढचं डावं.

ते कमरेवर हात ठेवून स्टुलावरून उठले. मग म्हणाले, “सोमवारी. माझी कंबर धरली आहे.”

तुम्हाला खरं सांगते, कारण तुम्ही समोर नाही आहात. सुटे भाग कुणाच्या कामी येतील, हे मी भंगारवाल्यासाठी शोधून काढलेलं कारण आहे. मला ब्रेक बघायचा आहे. तो शाबूत निघाला तर तुम्ही खोटं बोललात, तुम्हाला डुलकी लागली होती आणि वन्सं म्हणाल्या ते खरं. मला तो शाबूत निघायला हवा आहे. नऊ वर्षं गाडी अंगणात ठेवली आणि बघायचं धाडस झालं नाही. नोटीस आली नसती तर अजून नऊ वर्षं ठेवली असती.

का हवा आहे, ते पुढे लिहीन. किंवा लिहिणारही नाही.

मी


२१ फेब्रुवारी

अहो,

मिस्त्रींची कंबर सोमवारीही धरलेली होती आणि मंगळवारीही. आज सकाळी मी रिक्षा घेऊन त्यांच्या दारात गेले आणि त्यांना घेऊन आले.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या. जॅकने उचललं, खाली लाकडाचे ठोकळे दिले, गाडी हलवून पाहिली, हलली नाही. मग चाक काढलं. आतली धूळ फुंकायची नसते, छातीत जाते. ओल्या फडक्याने टिपून घेतली. मिस्त्री म्हणाले, “चाकाच्या मागे बघा. रबरी नळी दिसेल, करंगळीएवढी.”

दिसली. एका जागी फुगली होती, सापाने उंदीर गिळल्यासारखी, आणि त्या फुगवट्यावर उभी चीर. माझं नख आत गेलं.

मी विचारलं, “टक्कर झाली तेव्हा फाटली असेल ना?”

“टक्कर उजव्या बाजूला झाली वहिनी. ओढून तुटली असती तर आडवी तुटली असती. ही आधी फुगली, मग फुटली. या जुन्या गाडीत एक नळी गेली की चारही चाकांचा ब्रेक जातो.”

तुम्ही खरं बोलत होतात. पाय खाली जातच राहिला असणार.

आता जे लिहायचं ते लिहिते. मध्ये उठले तर पुन्हा बसणार नाही.

अपघाताच्या आदल्या दिवशी सकाळी, तुम्ही कामावर गेल्यावर, मिस्त्री गाडीचा आवाज बघायला आले होते. तुम्हीच बोलावलं होतं. त्यांनी चाकापाशी वाकून पाहिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, “पुढच्या डाव्या चाकाची नळी फुगली आहे. परवा नवीन आणून बसवतो. तोवर गाडी काढू नका. साहेबांना सांगा.” मी हो म्हटलं.

तेव्हा आपला अबोला चालू होता. आठवतं? चौथा दिवस होता. तुमच्या बदलीचं पत्र आलं आणि तुम्ही ते मला सांगण्याआधी वन्संना सांगितलंत. मला ते त्यांच्या तोंडून कळलं, फोनवर, “तुला माहीतच असेल” म्हणून. मी ठरवलं होतं की या वेळी आधी मी बोलणार नाही. दर वेळी मीच बोलायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षांत एकदाही तुम्ही आधी बोलला नव्हतात.

संध्याकाळी तुम्ही आलात, जेवलात, पेपर वाचलात. मी समोर बसून होते. वाटलं, चिठ्ठी लिहून किल्लीखाली ठेवावी. मग वाटलं, चिठ्ठी म्हणजे बोलणंच झालं. सकाळी तुम्ही सासूबाईंना म्हणालात, “चल आई, उशीर होतोय.” मी स्वयंपाकघरात होते. किल्ली खिळ्यावरून काढल्याचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, एवढ्या वर्षांचा मिस्त्री, नळी काय एका दिवसात फुटते? संध्याकाळी बघू. दार लागलं.

मी विसरले नव्हते. हे तुम्हाला नीट कळायला हवं म्हणून पुन्हा लिहिते. मी विसरले नव्हते.

मग हॉस्पिटलच्या आवारात वन्सं ओरडल्या आणि मला वाट सापडली.

मी


२२ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकून आले आणि वाटलं, निदान आता तुम्हाला कळेल. केवढी मी शहाणी.

आज सकाळी मिस्त्री न बोलावता आले. मी चहा दिला. म्हटलं, “तुम्हाला आठवत होतं. इतके दिवस या स्टुलावर बसून तुम्हाला सगळं आठवत होतं.”

“होय.”

“चौकशीच्या वेळी का नाही बोललात?”

त्यांनी कप खाली ठेवला. “गाडी ओढून आणली त्याच दिवशी मी नळी बघितली. साहेबांकडे गेलो. सांगितलं, वहिनींना मी बोललो होतो, माझी चूक नाही. माझ्या धंद्याचा प्रश्न होता ना. साहेब ऐकून घेऊन म्हणाले, मिस्त्री, घरातलं एक माणूस गेलं आहे, आता दुसरं घालवायचं नाही. गप्प राहा. मी म्हटलं, मग लायसन तुमचं जाईल. म्हणाले, जाऊ दे.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. वन्सं तुम्ही गाव सोडेपर्यंत तुमच्या तोंडावर दार लावत राहिल्या तेव्हा माहीत होतं. लेक तुमच्या ताटासमोरून उठून जायची तेव्हा माहीत होतं. चार महिन्यांनी बॅग भरलीत आणि मी दारात उभं राहून म्हणाले, “जा, तुमच्याने आणखी काही व्हायचं राहिलं असेल तर तिकडे जाऊन करा,” तेव्हाही माहीत होतं. तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. वर पाहिलं नाहीत.

मला वाचवलं असं मनात असेल तर ते काढून टाका. वाचवायचं असतं तर दार लावून दोन थोबाडीत दिल्या असत्यात, ओरडला असतात, आणि मग राहिला असतात. तुम्ही मला टांगून ठेवलंत. दुसरं माणूस घालवायचं नाही म्हणालात आणि स्वतःच गेलात. माझ्या लेकीचा बाप घालवलात. आणि मी इथे रोज सकाळी त्या गाडीकडे बघून दात घासायची आणि मनात म्हणायची, कुणालाच माहीत नाही.

तेव्हासुद्धा तुम्ही आधी बोलला नाहीत.

सही करा नाहीतर करू नका. गाडी पालिकेला नेऊ दे.

मी


२ मार्च

पाकीट मिळालं. सही बरोबर फुलीवर आहे. अक्षर बारीक झालं आहे तुमचं.

अर्जाच्या मागे लिहिलेल्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. “तू सांगशील म्हणून आधी चार महिने थांबलो. मग बदलीच्या गावी येऊन थांबलो. पुढे थांबायची सवय लागली. मिस्त्रींना बोलू नकोस, त्यांना मीच शपथ घातली होती.”

यात मी कुठे चुकले तेवढं सांगाल असं वाटलं होतं. शिव्या तरी. तुम्ही मिस्त्रींची काळजी केलीत.

माझा राग गेलेला नाही, हे आधी लिहून टाकते. पण एक गोष्ट मला कबूल करायला हवी. तुम्ही थांबलात ते मला कळत होतं. ते चार महिने तुम्ही रोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचात, हातात पेला घेऊन, पाणी न पिता. मी पाठ फिरवून भांडी घासायची. मला वाटायचं, माफी मागायला उभे आहात. मी मनात म्हणायची, मागू दे. तुम्ही मला संधी देत होतात आणि मी नळ मोठा सोडत होते.

लेकीला सांगायचं आहे. तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर अर्धं स्वतःच्या अंगावर घ्याल, माहीत आहे मला. तिला रविवारी बोलावलं आहे.

मी


११ मार्च

अहो,

गाडी गेली. साखळी लावून ओढून नेली, तीन चाकांवर आणि एका जुन्या सुट्या चाकावर. भंगारवाल्याने चासीचा नंबर अर्जाशी ताडून पाहिला, ताटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाला, “बाई, माझ्याकडे कामाला येता का?” मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही, पण राग पण आला नाही. पावती तुमच्या नावाची आहे, सोबत जोडली आहे.

लेक रविवारी आली. तिने बॅग ठेवायच्या आत मी सांगायला लागले, नाहीतर मी जेवण वाढलं असतं, मग पांघरूण काढलं असतं, आणि सोमवार उजाडला असता. नळी कापून ठेवली होती ती तिच्यासमोर टेबलावर ठेवली. मिस्त्री काय म्हणाले होते ते सांगितलं, किल्लीचा आवाज सांगितला, चौकशीवाल्याला मी काय म्हणाले ते सांगितलं.

तिने नळी उचलून चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे तू सांगायचं विसरलीस.”

“नाही.”

“आई, विसरलीस असं म्हण.”

“विसरले नव्हते, बाळा. बोलायचं नव्हतं.”

ती उठून बेसिनपाशी गेली. तोंड धुतलं. पाठमोरीच म्हणाली, “मागच्या वर्षी बाबा माझ्या ऑफिसखाली आले होते. समोरच्या फुटपाथवर उभे होते, छत्री घेऊन. मी वरून पाहिलं आणि मागच्या दाराने निघून गेले. तुला सांगितलं नाही, कारण तुला त्रास होईल वाटलं.” मग माझ्याकडे वळली. “तुला त्रास होईल म्हणून.”

ती जेवली नाही. तुमच्या पाकिटावरचा पत्ता फोनमध्ये उतरवून घेतला आणि त्याच दिवशी परत गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही. परवा नुसता निरोप आला: “शनिवारी त्यांच्याकडे जाते आहे.” ‘त्यांच्याकडे’ लिहिलंय, तुमचं नाव नाही, पण जाते आहे.

वन्संना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. येणारही नाही. त्या हयात असेपर्यंत मला त्यांच्या दारात जागा नाही, आणि ते योग्यच आहे.

तुम्ही या म्हणून मी लिहीत नाही. तुम्ही आलात तर मी दार उघडीन, पण आपण दोघं समोरासमोर बसून काय बोलणार ते मला दिसत नाही. तुमच्यावरचा राग आणि माझी लाज, दोन्ही एका खोलीत मावायची नाहीत. बघू. तूर्त शनिवारपुरतं सांगते.

तिला मला पाठीशी घालून काही सांगू नका. ती विचारील, आणि तुम्हाला सवय आहे. जे झालं तेच सांगा, तुम्ही गप्प बसलात तेही सांगा. ती ओरडली तर ओरडू द्या, पाण्याचा पेला घेऊन उभे राहू नका.

ती आता सोळा वर्षांची नाही. पंचवीस आहे, चष्मा लागला आहे, केस कापले आहेत, ओळखायला क्षणभर लागेल. चहात साखर घेत नाही. सकाळी दहापर्यंत खात नाही, आग्रह केला तर चिडते. ठेच लागली, रडू आलं, की “झोप आली” म्हणते, तेव्हा खरंच झोपायला पाठवू नका, शेजारी बसा.

बेल ती एकदाच वाजवते. शनिवारी रेडिओ बंद ठेवा.

मी